झाकण बंद असल्याची नोंद

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाईंचं नाव घेतो. लोकांचा थोडा हिरमोड होतो. त्यांना गणिताचे सर हवे असतात, निदान एखादे वर्गशिक्षक. पण ज्याच्या घरात आधी कुणीच पदवीधर नाही, त्याला गणितापेक्षा कागद जास्त आडवे येतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर कुणाची तरी सही. त्या सह्या कुठं मिळतात, साहेब कोणत्या वारी जागेवर असतो, कोणत्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज परत येतो, हे आमच्या शाळेत फक्त बाईंना माहीत होतं. बाई म्हणजे शाळेच्या एकमेव क्लार्क.

मी बारावीत असताना जात पडताळणीच्या अर्जावर वडिलांची सही हवी होती, आणि आईवडील कोल्हारच्या पुढं ऊसतोडीला गेलेले. मुदत दोन दिवसांची. माझा पेपर होता. बाईंनी पर्समध्ये शाईचं पॅड टाकलं, शेवगावहून एसटी पकडली, कोल्हारला उतरून विचारत विचारत उसाच्या फडात गेल्या आणि वडिलांचा अंगठा घेऊन संध्याकाळी परत आल्या. वडील अजून सांगतात, "मला वाटलं कोर्टाचा माणूस आला. कोयता टाकून पळणार हुतो."

नगरला बी.एस्सी. कॉम्प्युटर करून मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा मी शिक्षक. उरलेल्या वेळात मी युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिमचा जाणकार होतो. ही पदवी विद्यापीठानं दिलेली नव्हती, माझी मीच घेतली होती.

त्या वर्षी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर कायमचा गेला आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक नवा लॅपटॉप भेट दिला. आत काहीच नव्हतं, सिस्टिम आपणच टाकायची होती. शहाण्या माणसानं काय केलं असतं? बाजारात चालते ती सिस्टिम टाकली असती. थोड्या कमी शहाण्यानं युनिक्स घराण्यातली एखादी फुकट सिस्टिम टाकली असती, पण तिची पक्की झालेली आवृत्ती. मी तिची विकासातली आवृत्ती टाकली. म्हणजे जी बनवणाऱ्यांच्या हातात अजून ओली आहे ती. हे घर बांधून व्हायच्या आधी त्यात राहायला जाण्यासारखं आहे. वर गवंडी काम करतोय, खाली आपण चहा ठेवलाय. चहात सिमेंट पडलं तर गवंडी वरून म्हणतो, तुम्हाला बोलावलं होतं कुणी?

माझ्याकडे कारण होतं. या लॅपटॉपचं वायफाय पक्क्या आवृत्तीला ओळखू येत नव्हतं, विकासातल्या आवृत्तीला येत होतं. राउटर भिंतीपलीकडे, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये होता. भिंतीला एक भोक पाडून वायर आत घेतली असती तर हा सगळा लेख लिहायची वेळ आली नसती. पण भोक पाडायला गवंडी लागतो, पदवी लागत नाही.

मुख्याध्यापक सरांना मी सांगितलं, "सर, ही आवृत्ती इतकी नवीन आहे की अजून बाहेरसुद्धा आलेली नाही."

सरांना 'नवीन' हा शब्द फार आवडतो. त्यांनी प्रजासत्ताक दिनी माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला आणि भाषणात म्हणाले, "आपली शाळा आज युनिक्सवर गेली!" पालकांनी टाळ्या वाजवल्या. सहल गेली असं काही जणांना वाटलं असावं, कारण एका आईनं मला परत कधी येणार असं विचारलं.

सुरुवातीच्या कुरबुरी मी आनंदानं सोडवल्या. प्रिंटर दाखल्याआधी एक कोरा कागद ओकायचा, तो बंद केला. आवाज येत नव्हता, तो आणला, मग सगळीकडून यायला लागला, मग कमी केला. मशीन सुरू होताना दरवेळी पडद्यावर एक ताकीद यायची की ही तपासणीची आवृत्ती आहे, हळू चालेल, महत्त्वाच्या कामाला वापरू नका. बाईंनी एकदा चष्मा लावून ती वाचायचा प्रयत्न केला.

"काय म्हणतंय रे हे?"

"काही नाही बाई. स्वागत करतंय."

मग खरी भानगड सुरू झाली. रोज सकाळी बाई ऑफिस उघडायच्या, लॅपटॉप सुरू करायच्या आणि पाच-दहा मिनिटांत पडदा काळा. आतला पंखा फिरतोय, दिवा लुकलुकतोय, पण मशीन काही केल्या उठत नाही. शेवटी बटण दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. त्या पाच-दहा मिनिटांत जे टाईप केलं असेल ते गेलं. मी दुपारी तासाला यायचो तेव्हा बाई सांगायच्या, "तुझा पुन्हा झोपला बरं का." मी बसायचो, तासभर चालवायचो, सगळं ठणठणीत.

मी कामाला लागलो. आधी हार्डवेअर. मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, फुंकर मारली, परत बसवली. हा उपाय आमच्याकडे सगळ्या मशीनना चालतो आणि चालला की का चालला हे कुणी विचारत नाही. इथं चालला नाही. मग पिठाच्या गिरणीवर संशय घेतला. गिरणी आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर, सकाळीच सुरू होते. गिरणीवाल्याला एक दिवस अर्धा तास उशिरा चालू करायला सांगितलं. बायका डबे घेऊन रांगेत, गिरणीवाला म्हणतोय, "शाळेतल्या मास्तरनं सांगितलंय, कॉम्प्युटरला दळणाचा त्रास हुतोय." मशीन त्या दिवशीही बंद पडलं. आठवडाभर गल्लीत मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

मग सॉफ्टवेअर. मी सिस्टिमचा गाभा दर दोन दिवसांनी नव्यानं बांधून घेऊ लागलो. याला तीन-चार तास लागतात आणि त्या वेळात पडद्यावरून अक्षरं सरसर जात असतात. बघणाऱ्याला वाटतं की माणूस फार मोठं काम करतोय. मलाही तसंच वाटायचं. शेवटी मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मशीन स्वतःच्या हालचालींची एक नोंदवही ठेवतं, ती उघडून वाचली.

रोज सकाळी, काळ्या पडद्याच्या आधीची शेवटची ओळ एकच: झाकण बंद झालं, झोपायला जात आहे.

मला अत्यानंद झाला. झाकण लावलं की मशीननं झोपावं ही सोय मीच हौसेनं चालू केलेली होती. झोपलेलं मशीन या आवृत्तीत पुन्हा उठत नाही, ही तिची ठाऊक असलेली खोड होती. म्हणजे कोडं सुटलं. कुणीतरी रोज सकाळी झाकण लावत होतं, आणि सकाळी ऑफिसात एकच माणूस असायचं.

"बाई, तुम्ही मध्येच झाकण लावता का?"

"न्हाई रे. काम चालू असताना झाकण कशाला लावीन?"

"चुकून? धूळ बसेल म्हणून?"

"अरे, न्हाई म्हणलं ना."

मी हसलो. ज्याच्याकडे पुरावा आहे त्याचं ते हसू होतं. कॉलेजात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती, माणूस विसरतो, लपवतो, मशीनला ते जमत नाही. म्हटलं, "बाई, नोंद आहे. सकाळी दहा चाळीसला झाकण बंद झालं."

"मग तुझी नोंद खोटी हाय."

कारकून बाईला नोंदीबद्दल असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. आयुष्यभर त्यांनी नोंदीच केल्या. निदान तेव्हा तरी थांबून विचार करायला हवा होता. मी केला नाही. मी ज्यांनी ही सिस्टिम बनवली त्यांच्या ईमेलच्या टपालयादीवर, म्हणजे एकाचं पत्र सगळ्यांना जातं तिथं, इंग्रजीत, सविस्तर तक्रार लिहिली. मशीन कोणतं, आवृत्ती कोणती, नोंद काय. शेवटी लिहिलं, 'दुपारी मी वापरतो तेव्हा दोष दिसत नाही. सकाळी फक्त वापरणारी व्यक्ती बदलते. झाकण लावल्याचं ती नाकारते.'

सातासमुद्रापलीकडून तीन उत्तरं आली. एकानं लिहिलं, वापरणारे नेहमीच नाकारतात, आणि पुढे हसरा चेहरा. दुसऱ्यानं लिहिलं, दुरुस्त करता येत नसेल तर ही आवृत्ती वापरू नये. तिसरा एकटा शहाणा निघाला. त्यानं विचारलं, मशीनजवळ एखादं चुंबक असतं का, मोबाईलचं कव्हर, घड्याळाचा पट्टा वगैरे? झाकण बंद आहे की नाही हे मशीन चुंबकावरूनच ओळखतं. मी बाणेदारपणे उत्तर दिलं की इथं असलं काही नसतं, हे शाळेचं ऑफिस आहे. ज्यानं हसरा चेहरा काढला त्याचे मात्र मनापासून आभार मानले.

इथवर हे सगळं माझ्या मूर्खपणापुरतं होतं. पण सरांनी विचारलं, "काय रे, सापडलं का कारण?" आणि मी सांगून टाकलं. सर बाईंवर आधीच नाराज होते, कारण बाई कोऱ्या कागदावर शाळेचा शिक्का मारून देत नसत. तीन दिवसांनी बाईंना मेमो मिळाला. 'संगणकावरील काम टाळण्याच्या हेतूने आपण दररोज सकाळी झाकण बंद करून यंत्र बंद पाडता, असे तांत्रिक नोंदीवरून निदर्शनास आले आहे. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपली संस्थेच्या पारनेर येथील शाखेत बदली प्रस्तावित करण्यात येईल.' 'तांत्रिक नोंदीवरून' हे शब्द माझे होते. सरांना ते आवडले होते.

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुपारच्या सुट्टीत त्यांना भरवायला बाई घरी जायच्या आणि घंटेच्या आत परत यायच्या. पारनेरला गेल्या तर हे कसं व्हायचं? वर सेवापुस्तकात इतक्या वर्षांत एक शेरा नव्हता, आता पहिला बसणार होता.

मेमो घेऊन बाई माझ्याकडेच आल्या. भांडायला नाही. म्हणाल्या, "एवढा खुलासा टाईप करून दे. माझ्या हातानं ते मशीन पुन्हा झोपायचं." मी बसलो. त्यांनी सांगितलं, मी टाईप केलं. 'मी कामाच्या वेळेत झाकण कधीही लावलेले नाही.' अक्षरन् अक्षर बरोबर टाईप केलं आणि त्यातल्या एकाही अक्षरावर माझा विश्वास नव्हता. प्रिंट काढून दिली तर बाई म्हणाल्या, "आत्ता देत न्हाई. मुदत हाय अजून. दोनदा वाचते." मग जाता जाता वळल्या. "तुला तरी खरं वाटतं का रे?"

"बाई, मी काय सांगू. मशीन म्हणतंय."

त्या चपला घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच शाळेत गेलो. बाईंना निर्दोष ठरवायला गेलो होतो असं लिहायला मला आवडलं असतं. मी त्यांना झाकण लावताना प्रत्यक्ष बघायला गेलो होतो. ऑफिसच्या मागच्या खिडकीपाशी, सायकल स्टँडकडून उभा राहिलो.

बाई आल्या. कुलूप काढलं, टेबल पुसलं, लॅपटॉप उघडून सुरू केला. माझी ताकीद येऊन गेली. त्यांनी हजेरीपट काढला, शिपाईमामांना चहा सांगितला, एक पत्र टाईप करायला घेतलं. मग लोखंडी कपाटाकडे गेल्या. कपाटाच्या दारावर मोहटादेवीची बोटभर मूर्ती चिकटवलेली आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर बसवतात तसली, खाली गोल चुंबक असलेली. मी शाळेत होतो तेव्हापासून ती तिथंच. बाईंनी ती कपाटावरून सोडवून आणली, लॅपटॉपच्या कीबोर्डच्या अलीकडे डाव्या कोपऱ्यात ठेवली, डोळे मिटले आणि हात जोडले. दुकानदार तराजूला करतो, ड्रायव्हर स्टिअरिंगला करतो, तशी कामाच्या आधी कामाच्या वस्तूला देवी दाखवायची. आधीच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर त्या वर्षानुवर्षं ठेवत होत्या, त्याला काही झालं नाही.

पडदा काळा झाला.

बाईंनी डोळे उघडले, पडद्याकडे बघितलं, मग देवीकडे. "झालं का गं पुन्हा?" असं तिला म्हणाल्या, मूर्ती उचलून कपाटावर लावली आणि बटण दाबून धरलं.

मी खिडकीतूनच ओरडलो, "बाई, थांबा!"

"अगं बाई! तिथं काय करतोयस?"

मी आत गेलो. मशीन सुरू केलं, मूर्ती डाव्या कोपऱ्यात ठेवली. काळं. पुन्हा सुरू केलं, उजवीकडे ठेवली. काही नाही. पुन्हा डावीकडे. काळं. प्रत्येक वेळी मशीन पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं, आणि प्रत्येक वेळी तीच ताकीद, महत्त्वाच्या कामाला वापरू नका. झाकणाच्या कडेत एक छोटं चुंबक असतं आणि ते जवळ आलं की ओळखणारा एक डोळा कीबोर्डच्या खालच्या पट्टीत असतो. देवी नेमकी त्या डोळ्यावर बसत होती. मशीननं चुंबक पाहिलं आणि झाकण लिहिलं.

शिपाईमामा चहा घेऊन दारात उभे होते. सगळं बघून म्हणाले, "म्हंजे सर, आमच्या बाई खऱ्या बोलत हुत्या व्हय?"

"होय मामा."

"ते तर आमाला ठाव हुतं."

मी सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे चूक बाईंचीच. शाळेच्या यंत्रावर मूर्ती कुणी ठेवली?"

"सर, मूर्ती ठेवून मशीन मरायला नको. ते झोपलं ते मी चालू केलेल्या सोयीमुळं. उठलं नाही ते मी टाकलेल्या आवृत्तीमुळं. आणि मेमो दिला तो मी सांगितल्यामुळं."

"हे बघ," सर म्हणाले, "कॉम्प्युटरची जागा कायम होतेय. मी तुझं नाव वर पाठवलंय. तुझा सत्कार केलाय मी, शालीसकट. आता तूच लिहून देणार की सिस्टिम चुकीची टाकली? बाईंना दोन वर्षं तर राहिलीत. पारनेर काय वाईट आहे का?"

मी तिथंच नाही म्हणायला हवं होतं. मी "बघतो सर" म्हणालो. दोन दिवस बघत बसलो. त्या दोन दिवसांत मी अहवालाचे पाच मसुदे केले, आणि पहिल्या चारांमध्ये दोष कुणाचाच नव्हता. 'तांत्रिक कारणास्तव', 'बाह्य घटकामुळे', 'समन्वयाच्या अभावी', 'अनवधानाने'. असं मराठी मला कुणी शिकवलं नव्हतं, कायम जागेच्या आशेनं ते आपोआप येतं. पाचवा मसुदा अर्ध्या पानाचा झाला. तो मी थेट संस्थेच्या सेक्रेटरींना दिला आणि पोच घेतली.

संस्थेनं मेमो एका ओळीच्या पत्रानं मागं घेतला. त्या ओळीत माफी नव्हती. बाईंच्या सेवापुस्तकात शेरा आला नाही. त्या वर्षी कायम जागेवर दुसऱ्या शाखेतला एक जण आला, चांगला शिकवतो. मी अजून तासांवर आहे. सर माझ्याशी बोलतात, पण 'नवीन' हा शब्द टाळतात.

अहवाल दिला त्याच दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं. हातात द्यायचं धैर्य झालं नाही म्हणून टपालानं शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. शाळेचं टपाल बाईच उघडतात, हे लक्षात आलं तेव्हा पत्र पेटीत पडलं होतं. त्यांनी ते उघडलं, आवक नोंदवहीत चढवलं, विषयाच्या रकान्यात 'खाजगी' लिहिलं आणि मला म्हणाल्या, "नंबर टाकलाय. आता नाकबूल व्हता येणार न्हाई तुला." माझ्याकडे त्याची प्रत आहे. ती अशी:

आदरणीय बाई,

सा. न.

सोबत मी आज सेक्रेटरींना दिलेल्या अहवालाची पोच असलेली प्रत आहे. तुमच्या खुलाशाला ती जोडा. खुलाशात मी टाईप केलेलं वाक्य तसंच ठेवा, ते खरं आहे. मी टाईप करताना ते मला खरं वाटत नव्हतं, हे तुम्हाला त्या दिवशी कळलंच असेल.

अहवालात नाही ते इथं लिहितो. मी परदेशातल्या अनोळखी लोकांना लिहिलं होतं की मशीनमध्ये दोष नसावा, वापरणारी व्यक्ती झाकण लावते आणि नाकारते. त्यांच्यातला एक जण त्यावर हसला. त्याला मी धन्यवाद दिले. तुम्ही कोण आहात हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. काल मी त्याच ठिकाणी खरं काय ते लिहून टाकलं आहे. ज्यानं चुंबकाबद्दल विचारलं होतं त्याची माफी मागितली. त्यानं मूर्तीचा फोटो मागितला आहे. तुमची हरकत नसेल तरच पाठवीन.

खिडकीत मी तुम्हाला पकडायला उभा होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही, म्हणून लिहून देतो.

मेमोतले 'तांत्रिक नोंदीवरून' हे शब्द सरांचे नाहीत, माझे आहेत. सरांवर राग धरायचा तर त्यातला तेवढा वाटा माझ्याकडे वळवा.

मशीनमधली ती आवृत्ती मी काढून टाकली आहे. आता आहे ती पक्की झालेली, जुनी आणि कंटाळवाणी आहे. वायफाय चालणार नाही, म्हणून गवंड्याकडून भिंतीला भोक पाडून घेतलं, वायर आत आली आहे. झाकणाची सोय बंद केली. देवी हवी तिथं ठेवा, डाव्या कोपऱ्यातही चालेल, मी सात वेळा ठेवून बघितली. सुरू होताना आता काही ताकीद येत नाही. आधी यायची ती स्वागताची नव्हती.

सोमवारी मी दुपारीच येईन. सकाळी तुम्ही एकट्यांनी चालवून बघा. बंद पडलं तर वेळ लिहून ठेवा. या वेळी मी तुमची नोंद आधी वाचीन.

आपला विद्यार्थी